विश्लेषणासाठी ब्रॅकेटचं सॉलिड मॉडेल: फ्रीकॅडमध्ये कुठल्या क्रमाने बांधायचं आणि कुठे चुकतं

ताणाचा आकडा भलताच आला की पहिला संशय मेशवर, म्हणजे गणितासाठी मॉडेलचे छोटे तुकडे पाडणाऱ्या जाळीवर जातो. मेश बारीक केली जाते, संगणक तासभर अडकून पडतो आणि आकडा आणखी वर चढतो. दोष बहुतेक वेळा त्याआधीच मॉडेलमध्ये शिरलेला असतो: आतल्या कोपऱ्याला गोलाई नसते, रिब (कोपऱ्याला बळकटी देणारी पट्टी) प्लेटला नुसती टेकलेली असते, भोक कापलं गेलेलंच नसतं, नाहीतर एका बॉडीत, म्हणजे एकसंध असायला हव्या त्या भागात, दोन वेगळे तुकडे असतात. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यानंतर हाताने काढलेलं घनफळ दिलं आहे. ते जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उदाहरण म्हणून एल आकाराचा स्टीलचा ब्रॅकेट घेतला आहे. मार्गदर्शन फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या १.० आवृत्तीला धरून आहे. मॉडेल पार्ट डिझाइन वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे एका कामाच्या साधनांचा संच) बांधायचं आणि ताणाचं विश्लेषण फेम वर्कबेंचमध्ये कॅल्क्युलिक्स या सॉल्व्हरने, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामने करायचं. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

टप्पा १: संगणक सुरू करण्याआधी कागदावर

आधी मापं लिहून काढा.

- आडवी बेस प्लेट: लांबी १२०, रुंदी ८०, जाडी १२ मिमी
- उभी प्लेट: जाडी १२, तळापासून एकूण उंची ११२ मिमी
- आतल्या कोपऱ्याची गोलाई: ८ मिमी
- मधली रिब: जाडी १० मिमी, बेसवर ५० मिमी आणि उभ्या प्लेटवर ४० मिमी, दोन्ही टोकं ५ मिमी बोथट
- उभ्या प्लेटमध्ये पिनसाठी ३० मिमी व्यासाचं भोक, केंद्र तळापासून ८० मिमीवर
- बेसमध्ये एम१० बोल्टसाठी ११ मिमी व्यासाची दोन भोकं, उभ्या प्लेटच्या पाठीपासून ९५ मिमीवर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २५ मिमीवर
- त्या भोकांवर वॉशर बसण्यासाठी २२ मिमी व्यासाचं, १ मिमी खोल स्पॉट फेस

आता ड्रॉइंगमधल्या कोणत्या गोष्टी मॉडेलमध्ये घ्यायच्या नाहीत ते ठरवा. कोरलेला पार्ट नंबर, रंगाचा थर, धार मारण्यासाठी केलेले अर्धा मिमीचे चॅम्फर (तिरक्या कापलेल्या कडा) आणि आटे वगळा. अर्ध्या मिमीच्या चॅम्फरपायी तिथली मेशही तेवढीच बारीक होते. एलिमेंटची, म्हणजे मेशच्या तुकड्यांची संख्या अनेक पटींनी वाढते आणि उत्तरात काहीच फरक पडत नाही.

आतल्या कोपऱ्याची गोलाई मात्र कधीही वगळू नका. अगदी टोकदार आतल्या कोपऱ्यात ताणाला गणितानेच मर्यादा नसते. मेश जितकी बारीक कराल तितका आकडा वाढत जातो आणि कुठेच थांबत नाही. बाहेरचे कोपरे टोकदार राहिले तरी चालतात.

अक्षही आत्ताच ठरवा. उगम उभ्या प्लेटच्या पाठीवर, तळाशी, रुंदीच्या बरोबर मध्यावर ठेवा. एक्स लांबीच्या दिशेने, वाय रुंदीच्या दिशेने, झेड वर. रुंदी मध्यावरून दोन्हीकडे सारखी धरली तर रिब आणि बोल्टची भोकं आपोआप मध्यरेषेवर बसतात. पुढे अर्धं मॉडेल वापरायचं झालं तर कापायचं समतलही तयार असतं.

टप्पा २: एकक आणि मापांची स्प्रेडशीट

प्रेफरन्सेसमध्ये एकक मिमी, किलो, सेकंद ठेवा. स्प्रेडशीट वर्कबेंच उघडून जाडी, रुंदी, उंची, गोलाई अशी मुख्य मापं एकेका खान्यात टाका आणि प्रत्येक खान्याला अलियास, म्हणजे सूत्रात वापरायचं नाव द्या.

इथे अनेकांची गाडी अडते. खान्यात नुसतं १२ लिहू नका, एककासह १२ मिमी लिहा. पुढे सूत्रात त्यातून २ वजा करायचे असतील तर तिथेही २ मिमी असंच लिहावं लागतं. एककवाली संख्या आणि बिनएककाची संख्या यांची वजाबाकी फ्रीकॅड करत नाही, एकक जुळत नसल्याची त्रुटी दाखवतो. ती आली की अलियास चुकला असं समजून लोक नावं बदलत बसतात.

टप्पा ३: एल आकाराचा मूळ ठोकळा

पार्ट डिझाइनमध्ये नवी बॉडी तयार करा आणि एक्सझेड समतलावर स्केच उघडा. बेस आणि उभी प्लेट वेगवेगळ्या पॅडने (पॅड म्हणजे सपाट स्केचला जाडी देऊन ठोकळा करणं) करू नका. एल आकाराचा एकच बंद छेद काढा. त्याचे सहा कोपरे क्रमाने असे: (०, ०), (१२०, ०), (१२०, १२), (१२, १२), (१२, ११२), (०, ११२). एकाच छेदातून आलेल्या ठोकळ्यात जोड उरत नाही आणि पुढची एक कटकट वाचते.

सगळ्या रेषांना आडवं किंवा उभं असण्याचं बंधन द्या आणि पहिला कोपरा उगमाशी जोडा. मग चार मापं पुरतात: १२०, ११२ आणि दोन जाड्या. पाचवं माप द्यावंसं वाटलं तर थांबा, कारण ते जास्तीचं बंधन ठरेल. स्केच पूर्ण बांधलं गेलं की रेषा हिरव्या होतात. हिरवं झाल्याशिवाय स्केच बंद करू नका. अर्धवट बांधलेलं स्केच आज बरोबर दिसतं, पण उद्या एखादं माप बदललं की भलतीकडे सरकतं.

आता पॅड करा. लांबी ८०, आणि ‘सिमेट्रिक टू प्लेन’ निवडा. ही ८० एकूण लांबी आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला ४० येते. अर्धी समजून ४० टाकलीत तर ब्रॅकेट निम्म्या रुंदीचा होतो.

तपासा: छेदाचं क्षेत्रफळ १२० × १२ आणि १०० × १२ मिळून २,६४० चौ. मिमी. त्याला ८० ने गुणलं की घनफळ २,११,२०० घन मिमी. झाडातल्या (मॉडेलच्या टप्प्यांच्या यादीतल्या) बॉडीवर राइट-क्लिक करून ती पायथन कन्सोलला पाठवा आणि तिच्या शेपचा व्हॉल्यूम बघा. पृष्ठभाग आठ असले पाहिजेत.

टप्पा ४: आतली गोलाई, रिबच्या आधी

साधारण नियम असा की फिलेट, म्हणजे कडेची गोलाई, सगळ्यात शेवटी द्यायची. शोभेच्या किंवा हाताला धार लागू नये म्हणून दिलेल्या फिलेटला तो लागू आहे. ही गोलाई भार वाहणारी आहे, म्हणून ती आत्ताच द्या. यावेळी आतल्या कोपऱ्यात ८० मिमीची एकच सलग कड आहे. रिब आधी केली की तिचे ३५ मिमीचे दोन तुकडे होतात. मग एकच निवडला जातो, दुसऱ्या बाजूचा कोपरा टोकदार राहतो आणि जास्तीत जास्त ताण नेमका तिथेच दिसतो.

कड निवडा, फिलेट द्या, त्रिज्या ८ मिमी.

तपासा: गोलाईने भरलेलं क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येचा वर्ग गुणिले (१ वजा पाय भागिले ४), म्हणजे १३.७३ चौ. मिमी. ८० मिमी लांबीत १,०९८.८ घन मिमी वाढतात आणि एकूण २,१२,२९८.८ होतात. हा आकडा कमी झालेला दिसला तर आतली सोडून बाहेरची कड निवडली गेली आहे.

टप्पा ५: रिब, टेकवू नका, आत घुसवा

सगळ्यात जास्त मॉडेलं इथे बिघडतात. रिबचा त्रिकोण प्लेटच्या पृष्ठभागावर बरोबर टेकेल असा काढला जातो. मापात किंचित फरक पडला तरी मध्ये फट राहते. ती डोळ्याला दिसत नाही, पण मेश करणाऱ्या प्रोग्रामला दिसते. एका बॉडीत सुटे तुकडे ठेवू देणारं सेटिंग चालू असेल तर फ्रीकॅड त्रुटीही दाखवत नाही. रिब हवेत तरंगते आणि विश्लेषणात भार घेतच नाही.

म्हणून रिबचं स्केच दोन्ही प्लेटांत २ मिमी आत न्या. एक्सझेड समतलावर पाच कोपरे असे: (१०, १०), (६२, १०), (६२, १७), (१७, ५२), (१०, ५२). आत गेलेला भाग एकत्रीकरणात विरघळतो, त्यामुळे घनफळ दोनदा मोजलं जात नाही. आडव्या-उभ्या बंधनांनंतर सहा मापं लागतात. सुरुवातीचा १० हा आकडा हाताने टाकू नका. स्प्रेडशीटमधली जाडी वजा २ मिमी असं सूत्र द्या.

रिबचं टोक प्लेटवर शून्य जाडीत संपवू नका, म्हणूनच इथे ५ मिमीची बोथट टोकं घेतली आहेत. पाचरीसारख्या टोकात एलिमेंट चपटे आणि लांबट होतात. सॉल्व्हर तक्रार करतो, किंवा तक्रार न करता तिथे खोटा ताण दाखवतो. प्रत्यक्ष कारखान्यातही रिबचं टोक असं धारदार ठेवत नाहीत.

पॅड १० मिमी, पुन्हा ‘सिमेट्रिक टू प्लेन’.

तपासा: बाहेर दिसणाऱ्या रिबचं क्षेत्रफळ ५० × ४० मधून कापलेला त्रिकोण ४५ × ३५ ÷ २ वजा करून १,२१२.५ चौ. मिमी. दहाने गुणून १२,१२५. त्यातून रिबखाली झाकलेली गोलाई १३७.३ वजा करा. एकूण घनफळ २,२४,२८६.४ घन मिमी. सॉलिडची संख्या एकच हवी.

सावधान: रिब आणि प्लेट यांच्या जोडावर आपण गोलाई दिलेली नाही. त्या जोडावरचा ताण वाचायचा असेल तर आधी तिथेही ड्रॉइंगप्रमाणे गोलाई द्या. नाहीतर तिथला आकडा अहवालात घेऊ नका.

टप्पा ६: भोकं, आणि पॉकेटची दिशा

पिनच्या भोकासाठी वायझेड समतलावर स्केच घ्या. ३० मिमी व्यासाचं वर्तुळ, केंद्र वाय शून्य आणि झेड ८०. बोल्टसाठी एक्सवाय समतलावर दोन वर्तुळं, केंद्रं (९५, २५) आणि (९५, −२५). दोन्ही केंद्रं एक्स अक्षाभोवती सममित बांधा आणि व्यासांना समानतेचं बंधन द्या.

स्केच थेट ब्रॅकेटच्या पृष्ठभागावर न काढता मूळ समतलांवर काढण्यामागे कारण आहे. पृष्ठभागांना सॉफ्टवेअर स्वतः क्रमांक देतं आणि आधीचा टप्पा बदलला की ते क्रमांक बदलू शकतात. १.० मध्ये ही अडचण बरीच कमी झाली आहे, संपलेली नाही. मूळ समतल मात्र कधीच हलत नाहीत.

आता दिशेचं बघा. पॅड समतलाच्या धन दिशेने वाढतो, पॉकेट (स्केचच्या आकाराने सामान कापून काढणारी क्रिया) ऋण दिशेने कापतो. आपला ब्रॅकेट एक्सवाय समतलाच्या वर आणि वायझेड समतलाच्या पुढे आहे. म्हणजे साधा पॉकेट दिला तर तो हवेत कापेल. दोन्ही पॉकेटमध्ये ‘रिव्हर्स्ड’ निवडा आणि खोली आकड्याने न देता ‘थ्रू ऑल’ ठेवा. खोली १२ मिमी लिहून ठेवली आणि पुढे जाडी १५ केली, तर भोक आरपार न जाता खळगा राहतो.

तपासा: पिनच्या भोकानंतर २,१५,८०४.१, बोल्टच्या भोकांनंतर २,१३,५२३.३ घन मिमी. आकडा तसूभरही हलला नाही तर दिशा उलटी आहे.

टप्पा ७: स्पॉट फेस, म्हणजे आधाराची नेमकी जागा

बोल्टने धरलेला ब्रॅकेट संपूर्ण तळाने जखडलेला नसतो. तो वॉशरखाली दाबलेला असतो. सगळा तळ फिक्स केला की ब्रॅकेट प्रत्यक्षापेक्षा कडक वागतो आणि सरकण कमी दिसते. आधार द्यायला वॉशरएवढा वेगळा पृष्ठभाग लागतो. आपल्या ड्रॉइंगमध्ये स्पॉट फेस आहे, त्यामुळे तो आयता मिळतो.

एक्सवाय समतलावर नवं स्केच घ्या आणि अटॅचमेंटमध्ये झेड दिशेने जाडीएवढा ऑफसेट सूत्राने द्या. २२ मिमीची दोन वर्तुळं त्याच केंद्रांवर काढा, पॉकेट १ मिमी. इथे दिशा उलटवायची नाही. स्केच वरच्या पातळीवर आहे आणि पॉकेट खालीच कापतो.

ड्रॉइंगमध्ये स्पॉट फेस नसेल तर सोयीसाठी तो घालून आकार बदलू नका. वॉशरच्या वर्तुळाने पृष्ठभाग फक्त विभागून घ्या.

तपासा: अंतिम घनफळ २,१२,९५३.१ घन मिमी.

टप्पा ८: मेशच्या आधीची तपासणी

पार्ट वर्कबेंचमधलं ‘चेक जॉमेट्री’ चालवा. त्रुटी शून्य आणि सॉलिड एक हवं. मग पृष्ठभाग मोजा. आपल्या ब्रॅकेटला ते २२ असायला हवेत: एल ठोकळ्याचे ८, गोलाईचे रिबमुळे झालेले २, रिबचे ५, पिनच्या भोकाचा १, बोल्टच्या भोकांचे २ आणि स्पॉट फेसचे ४. तेवीस किंवा चोवीस आले तर कुठेतरी केसाएवढी पट्टी तयार झालेली आहे. अशी पट्टी मेशला सगळ्यात जास्त छळते. घनफळात ती जाणवत नाही, म्हणून ही मोजणी वगळू नका. बाहेरची मापं १२० × ८० × ११२ येतात का, तेही बघा.

यानंतर मॉडेलची खरी परीक्षा घ्या. स्प्रेडशीटमध्ये जाडी १२ ऐवजी १० करा आणि मॉडेल पुन्हा गणून घ्या. त्रुटी येता कामा नये, सॉलिड एकच राहिलं पाहिजे, पृष्ठभाग २२च हवेत. रिब तरंगली किंवा स्पॉट फेस नाहीसा झाला, तर त्या ठिकाणी सूत्राऐवजी आकडा राहिला आहे. दुरुस्त करून जाडी परत १२ करा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं असेल तर स्टेप फाइल काढा, एसटीएल नको. एसटीएलमध्ये सॉलिड नसतं, फक्त त्रिकोणांचं कवच असतं, आणि एककही नोंदलेलं नसतं. पलीकडे उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बाहेरची मापं पुन्हा बघणं. १२० च्या जागी ४.७२ दिसलं तर ते इंचात आहे.

टप्पा ९: मेश आणि वजनाची चाचणी

फेम वर्कबेंचमध्ये मेश बॉडीची करा, झाडातल्या मधल्या एखाद्या पॅडची नको. तसं झालं तर भोकांशिवायचा ब्रॅकेट तपासला जातो.

जीमेश या मेश करणाऱ्या प्रोग्राममध्ये सेकंड ऑर्डर, म्हणजे दहा नोडचे (गणिताच्या बिंदूंचे) टेट्राहेड्रॉन, म्हणजे चार पृष्ठभागांचे एलिमेंट ठेवा. फर्स्ट ऑर्डरचे टेट्राहेड्रॉन वाकण्यात फार ताठर असतात, त्यामुळे सरकण आणि ताण दोन्ही कमी दिसतात. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. सर्वसाधारण आकार ५ मिमी ठेवला तर १२ मिमी जाडीत दोन-तीन एलिमेंट बसतात. गोलाईच्या दोन्ही पृष्ठभागांवर स्थानिक आकार ३ मिमी द्या. तिथला पाव वर्तुळाचा कंस १२.६ मिमी आहे, म्हणजे कमानीत चार एलिमेंट येतात.

स्टीलसाठी यंग मॉड्यूलस २,१०,००० मेगापास्कल, पॉइझन गुणोत्तर ०.३०, घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर. तयार मटेरियल कार्डातली घनता थोडी वेगळी असू शकते, ती उघडून बघा.

खरा भार लावण्याआधी एक फुकटची चाचणी करा. दोन स्पॉट फेस फिक्स करा आणि फक्त गुरुत्वाकर्षण लावा. ब्रॅकेटचं वस्तुमान १.६७२ किलो, म्हणजे वजन सुमारे १६.४ न्यूटन. सॉल्व्हरच्या डॅट फाइलमधली एकूण प्रतिक्रिया याच्या अगदी जवळ हवी. फिक्स केलेल्या नोडवर पडणारं वजन धरलं जात नसल्याने ती किंचित कमी दिसू शकते. हजारपट जास्त किंवा कमी आली तर एककाचा घोळ आहे. शून्य आली तर गुरुत्वाकर्षण लागलेलंच नाही.

ही चाचणी उतरली की पिनच्या भोकात भार द्या. सर्वसाधारण आकार ५, ४ आणि ३ मिमी घ्या, गोलाईवरचा स्थानिक आकारही त्याच प्रमाणात कमी करत जा, आणि तीनदा सोडवा. दरवेळी गोलाईवरचा जास्तीत जास्त ताण नोंदवा. शेवटच्या दोन आकड्यांत पाच टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर तो ताण वापरण्याजोगा आहे. फरक वाढतच राहिला तर मेश आणखी बारीक करू नका. सगळ्यात जास्त ताणाचा लाल ठिपका नेमका कुठे आहे ते बघा. तो रिबच्या जोडावर किंवा फिक्स केलेल्या वर्तुळाच्या कडेवर असेल, तर तो टोकदार कोपऱ्याचा खोटा ताण आहे.

भार आणि आधार दोन्ही मध्यरेषेभोवती सारखे असतील तर एक्सझेड समतलावर कापून अर्धं मॉडेल चालतं. त्याचं घनफळ १,०६,४७६.६ घन मिमी, आणि कापलेल्या पृष्ठभागावर वाय दिशेची सरकण शून्य द्यायची. कंपनं किंवा बकलिंग (दाबाखाली अचानक वाकणं) तपासायचं असेल तर अर्धं मॉडेल वापरू नका. डावी-उजवीकडे विरुद्ध डोलणारे आकार त्यात दिसतच नाहीत.

मॉडेलमध्ये काहीही बदललं, अगदी एक गोलाई जरी, तरी भार आणि आधार कोणत्या पृष्ठभागांवर लागले आहेत ते प्रत्येकावर दोनदा क्लिक करून पुन्हा बघा. क्रमांक सरकला की पिनचा भार गुपचूप शेजारच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि सॉल्व्हर कसलीही तक्रार न करता उत्तर देतो.